सफारीला जाताय? मग फक्त सिंह मोजून परत येऊ नका

'सफारी' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? टप उघडणारी जीप, गळ्यात दुर्बीण, पिवळ्या गवतात पाय पसरून झोपलेला सिंह आणि मागे छत्रीसारखं पसरलेलं बाभळीचं झाड. बरोबर ना? हे चित्र खोटं नाही. केनिया आणि टांझानियात ते रोज दिसतं. पण ते अपुरं आहे, कारण त्यात माणूस नाही. लाल शुका पांघरलेला, हातात काठी घेतलेला मसाई गुराखी त्या चित्राच्या चौकटीबाहेर उभा असतो. या लेखात मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पूर्व आफ्रिकेतले वन्यप्राणी आज टिकून आहेत, त्याची मोठी किंमत तिथले पशुपालक पिढ्यानपिढ्या मोजत आले आहेत. ही गोष्ट समजून न घेता केलेली सफारी अर्धीच राहते. तुम्ही प्रत्यक्ष जाणार असा, नाहीतर घरी बसून मुलांना सॅव्हाना प्रदेश शिकवणार असा, हा मुद्दा दोघांनाही लागू आहे.

आधी शब्द समजून घेऊ

स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे साधा प्रवास. बाजाराच्या गावाला जाणं ही सफारी, बहिणीकडे जाणं हीसुद्धा सफारीच. मूळ शब्द अरबी 'सफर', जो आपल्या मराठीतही आहे. स्वाहिलीत असे आणखी ओळखीचे शब्द भेटतात. चहाला 'चाय', पोळीला 'चपाती', गाडीला 'गारी' आणि दुकानाला 'दुका'. हिंदी महासागराच्या दोन काठांवरच्या लोकांची ही जुनी देवाणघेवाण आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतले श्रीमंत शिकारी इथे येऊ लागले आणि जगाच्या लेखी सफारीचा अर्थ बदलला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आले. त्या मोहिमेत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५०० हून अधिक प्राणी मारले. आज प्रत्येक टूरच्या जाहिरातीत दिसणारा 'बिग फाइव्ह' हा शब्दही शिकाऱ्यांचाच. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस या पाच प्राण्यांची पायी शिकार करणं सर्वांत अवघड आणि धोक्याचं, म्हणून ते पाच 'मोठे'. उंचीने सगळ्यांत मोठा जिराफ या यादीत नाही, आणि वेगाने धावणारा चित्ताही नाही.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. यादी मात्र शिकाऱ्यांचीच राहिली. आपणही ती हातात घेऊन निघतो आणि रात्री जेवताना शेजारच्या टेबलाला विचारतो, "तुमचे किती झाले? आमचे चार झाले, गेंडा राहिलाय."

जागा नीट पाहू

आता नकाशा उघडा. टांझानियाच्या उत्तरेला सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच कमी. 'सेरेंगेटी' हे नाव मसाईंच्या 'मा' भाषेतून आलं आहे. अर्थ साधारण असा, की न संपणारं मैदान. त्याला लागूनच सीमेपलीकडे केनियाचं मसाई मारा आहे, सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं. इथे एक बारकावा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. मसाई मारा हे 'राष्ट्रीय उद्यान' नाही, 'राष्ट्रीय राखीव क्षेत्र' आहे, आणि त्याची मालकी केंद्र सरकारकडे नसून नारोक काउंटीकडे, म्हणजे स्थानिक शासनाकडे आहे.

कागदावर देश दोन असले तरी गवत एकच आहे. त्या गवतावर सुमारे १३ लाख वाइल्डबीस्ट आणि २ लाखांच्या आसपास झेब्रे वर्षभर गोल फिरत असतात. वाइल्डबीस्ट हा कुरंगाच्या कुळातला प्राणी. शिंगं गाईसारखी, शेपूट घोड्यासारखी, दाढी बोकडासारखी. जानेवारी ते मार्चमध्ये हे कळप दक्षिण सेरेंगेटीच्या आखूड गवतावर असतात. ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या त्या मातीतलं गवत खनिजांनी समृद्ध असतं, म्हणून माद्या तिथेच वितात. दोन-तीन आठवड्यांत पाच लाखांच्या आसपास पिल्लं जन्मतात. दक्षिणेतलं पाणी आटलं की कळप पश्चिमेकडे, मग उत्तरेकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदी ओलांडतात, आणि पावसाची चाहूल लागली की परत दक्षिणेची वाट धरतात.

यातही एक शिस्त असते. झेब्रा उंच, जाडसर गवत खातो. त्याच्या मागून वाइल्डबीस्ट येतो, त्याला खालचं पान मिळतं. त्याच्याही मागून थॉमसन गझेल हे छोटं हरीण येतं आणि नव्याने फुटलेला कोवळा कोंभ खुडतं. एकाच पंगतीत तिघं जेवतात, पण ताटं वेगळी.

या प्राण्यांना उद्यानाची हद्द ठाऊक नसते, हे उघडच आहे. पण याचा अर्थ काय होतो? केनियातले सुमारे ६५ टक्के वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या आणि राखीव क्षेत्रांच्या बाहेर राहतात. म्हणजे कोणाच्या तरी कुरणात, कोणाच्या तरी पाणवठ्यावर, कोणाच्या तरी गोठ्याशेजारी. उद्यानात शिरताना आपण जे तिकीट काढतो, ते फक्त फाटकाच्या आतल्या भागाचं असतं.

बुळकांडीची गोष्ट

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना बुळकांडी हा शब्द अजून आठवत असेल. गुरांचा हा भयंकर साथीचा रोग १८८० च्या दशकाअखेरीस आफ्रिकेच्या ईशान्य भागात शिरला. भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तो तिथे गेला, असं मानलं जातं. काही वर्षांतच तो पूर्व आफ्रिकाभर पसरला. मसाईंची बहुतेक गुरं मेली. ज्या समाजाचं सगळं जगणं दुधावर आणि गुरांवर, तिथे गुरं गेली की माणसंही जातात. उपासमार झाली, देवीची साथ आली, गावंच्या गावं उठली. रानातल्या वाइल्डबीस्ट आणि रानम्हशींनाही तोच रोग झाला.

पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत सेरेंगेटीभोवतीच्या पाळीव गुरांना बुळकांडीची लस टोचण्यात आली. आता गंमत बघा. लस गाईंना टोचली आणि रोग रानातूनही नाहीसा झाला, कारण तो गाईंकडूनच रानात जात होता. १९६० च्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांच्या घरात पोहोचले. त्यांनी गवत खाऊन आखूड केलं, त्यामुळे वणवे कमी झाले. वणवे कमी झाले म्हणून झाडांची रोपं जगली. झाडं वाढली तसा जिराफांना चारा वाढला. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. पाळीव गाय आणि रानटी प्राणी, गुराखी आणि अरण्य हे एकमेकांचे शत्रूच असतात, असं आपण सहज धरून चालतो. सेरेंगेटीचा सर्वांत मोठा चमत्कार मात्र गाईच्या दंडात टोचलेल्या सुईतून घडला.

ती जमीन रिकामी नव्हती

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये स्थापन झालं. तेव्हा टांझानिया हा देशच नव्हता, टांगानिका नावाचा ब्रिटिशांच्या ताब्यातला मुलूख होता. सुरुवातीला मसाईंना तिथे राहू दिलं गेलं. १९५८ मध्ये एक करार झाला आणि त्यानुसार त्यांनी सेरेंगेटी सोडली. बदल्यात १९५९ मध्ये शेजारचं न्गोरोंगोरो हे वेगळ्या प्रकारचं संरक्षित क्षेत्र तयार झालं. तिथे वन्यप्राणी आणि मसाई, दोघांनी एकत्र राहायचं ठरलं. त्याच १९५९ मध्ये जर्मन प्राणितज्ज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांचा 'सेरेंगेटी मरता कामा नये' अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट आला आणि जगभर गाजला. त्या चित्रपटाने सेरेंगेटीला जगाचं प्रेम मिळवून दिलं. पण माणसाशिवायचं अरण्य हेच खरं अरण्य, ही कल्पनाही त्याच सुमारास पक्की होत गेली.

खरं तर माणूस इथे नवखा नाही. न्गोरोंगोरो क्षेत्रातल्याच लाएटोली इथे १९७८ मध्ये मानवाच्या पूर्वजांच्या पावलांचे ठसे सापडले. ते सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मसाई लोक इतके जुने नसले, तरी ब्रिटिशांच्या कितीतरी आधीपासून ते इथे गुरं चारत आहेत. परंपरेने ते रानातल्या प्राण्यांचं मांस खाऊन जगत नाहीत. आणखी एक गोष्ट अशी, की वाइल्डबीस्टच्या पिल्लांमुळे गाईंना एक जीवघेणा ताप येतो. म्हणून पिल्लांच्या हंगामात मसाई आपली गुरं त्या चांगल्या गवतापासून लांब नेतात. सगळ्यांत सकस चारा वाइल्डबीस्टला सोडायचा आणि आपण टेकड्यांकडे जायचं, ही त्यांची जुनी रीत आहे. वनखात्याच्या कुठल्याही नियमापेक्षा ती जुनी आहे.

न्गोरोंगोरोचा करार झाला तेव्हा तिथे सुमारे ८,००० मसाई होते. आज ही संख्या लाखाच्या घरात गेली आहे. सरकारचं म्हणणं असं, की एवढी माणसं आणि गुरं तिथे सामावणार नाहीत. २०२२ पासून अनेक कुटुंबांना तिथून दूर, टांगा प्रांतातल्या म्सोमेरा गावी हलवण्यात येत आहे. सरकार याला स्वेच्छेने केलेलं स्थलांतर म्हणतं. शाळा, दवाखान्यांच्या सोयी आटवून आम्हाला जायला भाग पाडलं जातंय, असं मसाई पुढारी सांगतात. मेळघाट किंवा ताडोबाच्या गावांचं पुनर्वसन ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हे दोन्ही सूर ओळखीचे वाटतील.

मी इथे मसाईंना देव करून ठेवणार नाही. लोकसंख्या वाढली, शेळ्या-मेंढ्या वाढल्या, कुरणांना कुंपणं पडू लागली, हे सगळं खरं आहे. १९७७ ते २०१६ या काळात केनियातल्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, असं हवाई गणनांच्या अभ्यासातून दिसलं. प्रश्न गंभीर आहे. पण ज्या विवराच्या काठावरून आपण सहाशे मीटर खाली बघून "काय सुंदर आहे!" म्हणतो, त्याच काठावर कोणाचं तरी घर राहणार की नाही, याचा निर्णय चालू असतो, एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं.

सिंहाने गाय मारली तर?

आता हिशेब करू. सिंह दिसला की पर्यटक खूश होतो. लॉजचा मालक, टूरवाला, विमान कंपनी, सरकार, सगळ्यांना पैसे मिळतात. तोच सिंह रात्री गोठ्यात शिरला आणि गाय मारली, तर नुकसान कोणाचं? एका घराचं. गाय म्हणजे त्या घराचं दूध, मुलांची फी, लग्नातला व्यवहार आणि अडीनडीची पुंजी. भरपाईचा कायदा आहे, पण पैसे हातात पडायला फार वाट बघावी लागते. मग रागाच्या भरात कोणीतरी मेलेल्या गाईवर कीटकनाशक ओततं. २०१५ मध्ये मसाई मारातल्या 'मार्श प्राइड' या टीव्हीवर गाजलेल्या कळपातले सिंह असेच विषबाधेने मेले. अशा विषाने सिंहाबरोबर गिधाडं आणि तरसंही मरतात.

या गुंत्यातून वाट काढायचा प्रयत्न तिथल्याच लोकांनी केला आहे. त्यातली तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं उदाहरण एका मुलाचं आहे, आणि ते वर्गात आवर्जून सांगावं. रिचर्ड तुरेरे हा मसाई मुलगा नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहायचा. हे उद्यान १९४६ मध्ये स्थापन झालेलं, केनियातलं पहिलं. शहराच्या बाजूला त्याला कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मात्र खुली आहे. तिथूनच सिंह येत. रिचर्डने आधी गोठ्याजवळ आग पेटवून पाहिली. उलट सिंहांना उजेडात वाट नीट दिसू लागली. मग बुजगावणं केलं. सिंह एक दिवस फसले, दुसऱ्या दिवशी नाही. एका रात्री तो विजेरी घेऊन गोठ्याभोवती फिरत होता, त्या रात्री सिंह आलेच नाहीत. हलत्या उजेडाला ते घाबरतात, हे त्याने ओळखलं. जुनी बॅटरी, सौरपट्टी, मोटारसायकलच्या इंडिकेटरची डबी आणि फुटक्या विजेरीचे दिवे जोडून त्याने लुकलुकणारे दिवे बसवले. तेव्हा त्याचं वय होतं ११ च्या आसपास. गाय वाचली आणि सिंहही वाचला.

दुसरं उदाहरण अंबोसेली भागातलं. पूर्वी सिंह मारणं हा तरुण मसाई योद्ध्याचा मान समजला जायचा. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'लायन गार्डियन्स' या उपक्रमात अशाच तरुणांना सिंहांचे राखणदार म्हणून पगारावर नेमलं गेलं. ते पावलांवरून माग काढतात, सिंह कुठे आहे ते गुराख्यांना कळवतात, हरवलेली गुरं शोधून देतात आणि गोठ्याचं काटेरी कुंपण पक्कं करायला मदत करतात. ज्याला सिंह मारता येतो त्यालाच सिंह राखताही येतो, कारण ज्ञान तेच लागतं.

तिसरं उदाहरण मारा राखीव क्षेत्राला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सींचं, म्हणजे लोकांच्या जमिनीवरच्या संरक्षित क्षेत्रांचं. तिथली सामूहिक मालकीची कुरणं वाटण्या होऊन एकेका कुटुंबाच्या नावावर झाली. प्रत्येकाने आपापल्या तुकड्याला कुंपण घातलं असतं, तर प्राण्यांच्या वाटा बंद झाल्या असत्या. त्याऐवजी शेकडो मालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने दिले. ओल किन्येई, नाबोइशो ही त्यातली काही नावं. मालकाला ठरलेलं भाडं मिळतं, मग त्या महिन्यात पर्यटक थोडे येवोत की फार. गुरं ठरवून दिलेल्या भागात पाळीपाळीने चारतात. वाहनांची संख्या मर्यादित असते. यातही उणिवा आहेत. चराईवर बंधनं येतात, आणि जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर असल्याने बायकांच्या हातात भाडं क्वचितच पडतं. तरीही सिंह जिवंत राहिला तर आपलाही फायदा आहे, हे इथे जमीनमालकाला निदान दिसतं तरी.

गाडी जवळ घ्या ना!

आता आपल्याकडे, म्हणजे पर्यटकांकडे वळू. एका गाइडला चित्ता दिसला की वायरलेसवर बातमी पसरते आणि बघता बघता गाड्यांचा घोळका जमतो. मारात एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या असाव्यात, रस्ता सोडून गवतात गाडी घालू नये, असे नियम आहेत. ते मोडले जातात, आणि दोष ड्रायव्हरवर येतो. पण मागच्या सीटवरून "अजून थोडी जवळ घ्या ना!" म्हणणारे कोण असतात? पर्यटक खूश झाला नाही तर बक्षिसी कमी मिळेल, हे ड्रायव्हरला पक्कं माहीत असतं.

याचा परिणाम मोजलेला आहे. चित्ता दिवसा शिकार करतो आणि लाजाळू असतो. मसाई मारातल्या माद्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी दोनपेक्षा जास्त पिल्लं मोठी झाली. जास्त गर्दीच्या भागात ही सरासरी ०.२ च्या आसपास, म्हणजे पाच वेतं मिळून जेमतेम एक पिल्लू. एवढा एक आकडा लक्षात राहिला, तरी "जवळ घ्या ना" हे शब्द तोंडातच थांबतील.

मारा नदीवरही तेच. कळप काठावर येऊन तासन्तास घुटमळतात. गाड्या उतरणीची वाटच अडवून उभ्या राहिल्या की बिचकून मागे फिरतात, किंवा जिथे कडा उभा आहे तिथून उड्या टाकतात. मगरींची भीती तर आहेच, त्यात आपली भर.

मग जाऊच नये का?

असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे, जरूर जा. २०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटक थांबले तेव्हा कॉन्झर्व्हन्सींचं उत्पन्न आटलं, जमीनमालकांच्या भाड्याला कात्री लागली आणि राखणदारांचे पगारही अडचणीत आले. पर्यटक येणार नसतील, तर जमिनीचा मालक एक दिवस कुंपण घालून तिथे शेती करेल, किंवा जमीन विकेल. त्याला आपण कोणत्या तोंडाने दोष देणार?

पैसा स्थानिकांपर्यंत पोहोचवता येतो, हे शेजारच्या रवांडाने दाखवलं आहे. तिथे पर्वतीय गोरिला पाहायच्या परवान्याला २०१७ पासून १,५०० डॉलर पडतात. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटू शकतात, तेही तासभरच. उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नाचा १० टक्के वाटा आसपासच्या गावांसाठी राखून ठेवलेला आहे. हा मार्ग महाग आहे आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारा नाही, हे मान्य. पण गर्दी कमी आणि वाटा जास्त, हे सूत्र इतरांनीही विचारात घेण्यासारखं आहे.

म्हणून प्रश्न जावं की न जावं, हा नाही. कसं जावं, हा आहे. जाणार असाल तर या काही गोष्टी ध्यानात ठेवा:

• मे महिन्याच्या सुट्टीत केनियाला गेलात तर मारात नदी ओलांडणारे कळप दिसणार नाहीत, ते तेव्हा टांझानियात असतात. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊसही असतो. त्यामुळे "स्थलांतर पक्कं दाखवतो" म्हणणाऱ्या टूरवाल्याला महिना विचारा.

• पाच दिवसांत पाच उद्यानं असं पॅकेज घेऊ नका. निम्मा वेळ रस्त्यातच जातो. दोनच ठिकाणी जा, पण नीट राहा.

• मुक्काम निवडताना एक प्रश्न विचारा: "ही जमीन कोणाची आहे आणि त्याला काय मिळतं?" उत्तर नीट आलं नाही, तर दुसरीकडे बघा.

• पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला सांगून टाका, "दादा, आम्हाला घाई नाही, नियम मोडू नका." आणि शेवटी बक्षिसी त्याच गोष्टीसाठी द्या. तिथे 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू.

• मसाई वस्तीत गेलात तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. नाच झाला की गाडीत बसू नका. त्यांची गुरं किती, चारा कुठे, पाणी किती लांब, हे विचारा. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत.

• चकल्या, चिवडा, ठेपले बरोबर घ्या, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे.

• सिंह शोधताना बाकीच्याकडे दुर्लक्ष करू नका. शेण गोळा करणारे किडे, सुगरणींसारखी घरटी विणणारे पक्षी, वारुळं आणि पायाखालचं गवत, हे सगळं तिकिटाच्या पैशातच आहे.

वर्गात चर्चेसाठी

शिक्षक मित्रांनो, हा विषय सहावी ते दहावीच्या कोणत्याही वर्गात घेता येईल. मुलांचे चार गट करा. एक गट मसाई गुराखी, दुसरा उद्यानाचा अधिकारी, तिसरा लॉजचा मालक आणि चौथा पर्यटक. परिस्थिती अशी द्या: काल रात्री सिंहाने दोन गाई मारल्या. आता काय करायचं? प्रत्येक गटाने आपली बाजू मांडायची, आणि नंतर गट बदलून दुसऱ्याची बाजू मांडायची. ग्रामीण शाळांत 'सिंह' च्या जागी 'बिबट्या' घातला, तर मुलांना तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही. जुन्नर आणि चंद्रपूरकडची मुलं कदाचित तुम्हालाच समजावून सांगतील.

नंतर मुलांना निबंध लिहायला द्या. विषय 'मी पाहिलेला सिंह' नको. 'ज्याच्या कुरणात सिंह राहतो, त्याचं मनोगत' हा द्या.

वाचक मित्रहो, तुम्ही उद्या सफारीला निघालात तर नैरोबीत कोणीतरी तुम्हाला 'सफारी न्जेमा' म्हणेल, म्हणजे प्रवास चांगला होवो. परत आल्यावर लोक विचारतील, किती सिंह पाहिले? तो आकडा जरूर सांगा, त्यात लाज कसली! पण त्यापाठोपाठ हेही सांगा, की ते सिंह कोणाच्या गावाशेजारी राहतात, रात्री गाईंची राखण कोण करतं, आणि तुमच्या तिकिटातले किती पैसे त्याच्या घरी पोहोचले.